पेरू वाढव

भाचीच्या बाळंतपणासाठी सोनाबाई जेऊरला निघाल्या, तेव्हा रिक्षात एक पाय ठेवून सुनेला म्हणाल्या, "अंकिता, परसातलं दोनी पेरू तेवढं वाढव गं." आणि रिक्षा सुटली.

शुक्रवार पेठेतल्या त्या बोटभर परसात पेरूची दोन रोपं वर्षभरात काठीसारखी सरळ वर गेली होती. सोनाबाई त्यांच्या पानालाही कुणाला हात लावू देत नसत.

"वाढव म्हणजे खत घाल," नवरा अमृत म्हणाला आणि शेणखताची पिशवीच घेऊन आला.

अंकिताला ते पटेना. लग्नाला अजून वर्ष झालं नव्हतं, पण सासूबाईंची जीभ तिनं चांगली ओळखली होती. फोडणं, तोडणं, कापणं असलं अभद्र या बाईच्या तोंडी कधी यायचंच नाही. नारळ वाढवायचा, बांगडी वाढवायची, कोपऱ्यावरच्या वाण्यानं रात्री दुकान वाढवायचं. मग पेरू वाढव म्हणजे छाटच की! वर्षाच्या पेरूचा शेंडा मारतात, हे तिनं टेंभुर्णीला माहेरी पाहिलंही होतं.

फोन करून विचारता आलं असतं. पण 'एवढंबी कळंना व्हय?' हे ऐकून घ्यायची तिची तयारी नव्हती. आणि चुकलं तर? तर या घरात ती जन्मभर पेरू मारणारी सून.

तिनं कात्री घेतली. आपल्या कमरेखाली, फुटव्याच्या डोळ्याच्या जरा वर, तिरका काप देऊन दोन्ही शेंडे उतरवले.

"आता आई तुलाच वाढवणार," अमृत म्हणाला.

महिन्याभरानं सोनाबाई परतल्या. पिशवी उंबऱ्यात टाकून थेट परसात. खुंटांना तांबूस फुटवे आले होते. कापाच्या जागेवरून त्यांनी अंगठा फिरवला.

"हे कुणी केलं?"

"मी. तुम्हीच म्हणालात की, वाढव."

सोनाबाईंना हसू आवरेना. "अगं बसम्मा!" त्यांनी भिंतीपलीकडच्या शेजारणीला हाक मारली. "ये, माज्या सुनंनं पेरू कसं वाढवल्यात बघ! आता चारी अंगानं फांद्या येत्यात."

"मग सरळ काप म्हणायचं की, आई," अमृत कुरकुरला.

"घरच्या झाडाला काप म्हन्त्यात व्हय रं?" सोनाबाईंनी सुनेच्या खांद्यावर हात टाकला. "तुला बोलाया मी शिकिवलं. पर माजं बोलनं कळलं ते हिलाच."