आठवी चिठ्ठी

"तुम्हीच सांगता ना, टीम आपलं आपण ठरवते म्हणून? मग हेही ठरवू दे तिला," साहेब म्हणाले आणि लॅपटॉप सरांकडे वळवला.

तक्त्यात आठ ओळी होत्या. सात टीममधल्यांच्या आणि आठवी सरांची स्वतःची. महिनाअखेरीला यातला एक जण कमी करायचा होता. कोण, ते वरून सांगायचं नाही, टीमनंच सुचवायचं, असं वरच्या मजल्यावर ठरलं होतं. साहेब खुशीत दिसत होते. साप मरणार होता आणि काठीही मोडणार नव्हती.

"मीही आहे यात?" सरांनी विचारलं.

"सगळेच आहेत. फक्त मला मध्ये घेऊ नका. परवा सकाळी एक नाव द्या, बास."

सर त्रेपन्न वर्षांचे होते. हुद्द्याचं नाव लांबलचक होतं, काम मात्र एवढंच: सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या माणसांना साहेबावाचून काम करायला शिकवायचं. कुणी काय करायचं, कधी द्यायचं, भांडण झालं तर कसं मिटवायचं, हे टीमनं ठरवायचं. यांनी उत्तर माहीत असूनही सांगायचं नाही. कुणी विचारलंच तर मनात दहापर्यंत मोजायचं. सहसा सात-आठाला दुसरं कुणीतरी तोंड उघडतं. बाकीची माणसं मूग गिळून बसली की त्यांना भित्री म्हणतात, यांना त्याचा पगार मिळत होता. टीमनं पाठीमागे त्यांचं नाव मौनीबाबा ठेवलं होतं. ते त्यांच्या कानावर आलं होतं आणि खरं तर आवडलंही होतं.

बायकोला मात्र या नोकरीचा उलगडा कधी झाला नाही. "शिंपी म्हटलं की कळतं, डॉक्टर म्हटलं की कळतं," ती म्हणायची. "तुमचं काय सांगू? गप्प बसायला जातात म्हणून? मी आपली सांगते, कम्प्युटरचं काहीतरी बघतात."

तीन वर्षांपूर्वी ते या टीमकडे आले, तेव्हा सकाळची पंधरा मिनिटांची उभ्यानं व्हायची बैठक म्हणजे शाळेतली हजेरी होती. प्रत्येक जण यांच्याकडे बघून काल काय केलं ते सांगायचा आणि शाबासकीची वाट बघायचा. मग त्यांनी एक युक्ती केली. कुणी बोलायला लागलं की मान खाली घालून ते स्वतःच्या बुटांकडे बघायचे. डोळ्याला डोळाच मिळाला नाही तर माणूस सांगणार कुणाला? दोन आठवडे कुणाला काही उमगलं नाही. "सरांनी नवे बूट घेतलेत वाटतं," असं टीममधला लंबू म्हणालासुद्धा. मग एका सकाळी टीममधल्या ताई बोलता बोलता थांबल्या, सरळ लंबूकडे वळल्या आणि म्हणाल्या, "हे मी तुलाच सांगायला हवं ना? तुझ्याच कामात अडलंय." त्या दिवशी ती सात माणसं पहिल्यांदा एकमेकांशी बोलली. म्हणजे मौनीबाबांच्या तपाला फळ आलं ते ताईंमुळे. फळ्यावरची कामाची चिठ्ठी 'झालं'च्या रकान्यात गेली की सगळ्यांनी मिळून एक टाळी वाजवायची, ही पद्धतही ताईंचीच.

ताई तपासणीचं काम करायच्या. बाकीच्यांनी लिहिलेलं वापरून बघायचं आणि त्यांच्या नजरेतून सुटलेलं शोधून काढायचं. पन्नाशी उलटलेली, घरी थकलेले वडील आणि कमावणारं माणूस एक. कोणतीही बैठक संपता संपता त्या विचारायच्या, "काही राहिलंय का?" दर वेळी काही ना काही राहिलेलं असायचंच.

पहिल्याच दिवशी सरांनी टीमला सांगितलं होतं, "ज्या दिवशी तुम्हाला माझी गरज उरणार नाही, त्या दिवशी माझं काम झालं असं समजा." मनापासून सांगितलं होतं. पहिल्या दिवशी असं काही मनापासून सांगणं सोपं असतं.

साहेबांकडून परतल्यावर दुपारी ते चिठ्ठ्या लिहायला बसले. माणसांच्या नावांवर चर्चा नको, उगीच मनं दुखावतील, कामांवर बोलू, असं त्यांनी ठरवलं. कोणतं काम बाकीच्यांना आपसात वाटून घेता येईल, एवढाच प्रश्न. त्यांनी आठ चिठ्ठ्या लिहिल्या. आठवीवर लिहिलं: 'बैठका घेणं, ऐकणं'. लिहून झाल्यावर ते तिच्याकडे बघत राहिले. सकाळच्या बैठकीत गेलं वर्षभर त्यांनी चार वाक्यंही उच्चारली नव्हती. या प्रश्नाचं उत्तर शेंबड्या पोरानंही दिलं असतं.

त्यांनी चिठ्ठी दुमडून शर्टाच्या खिशात टाकली. शिकवणारा टीमच्या बाहेरचाच असतो, पुस्तकातही तसंच आहे, असं स्वतःला दोनदा बजावलं. पण खरं कारण त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांना भीती वाटत होती. सख्ख्या बायकोला सांगता न येणारं काम घेऊन या वयात कुणाच्या दारात उभं राहायचं?

दुसऱ्या दिवशी काचेच्या खोलीत ते सगळ्यांपुढे म्हणाले, "टीममधलं एक माणूस कमी करायचंय. तुम्ही ठरवायचंय." मग सात चिठ्ठ्या फळ्यावर लावल्या आणि प्रत्येकाला मत म्हणून चिकटवायला तीन-तीन लाल ठिपके वाटले; सर्वांत जास्त ठिपके पडतील ते काम बाकीचे वाटून घेणार आणि ते करणारा जाणार.

सगळं अगदी सरांनी शिकवल्याप्रमाणे पार पडलं. कुणी आवाज चढवला नाही, कुणी कुणाला तोडलं नाही. इतकी नेटकी बैठक त्यांनी उभ्या नोकरीत बघितली नव्हती.

ठिपके लावायची वेळ झाली तेव्हा ताई फळ्याकडे बघत म्हणाल्या, "काही राहिलंय का?"

सरांनी मान खाली घातली. उजव्या बुटाची नाडी सैल झाली होती. एक, दोन, तीन. छातीशी चिठ्ठीची घडी टोचत होती. सहा, सात. या वेळी कुणी बोलू नये असं त्यांना वाटत होतं, आणि कुणीतरी बोलावं असंही. दहाला लंबू म्हणाला, "नाही वाटत, ताई. सगळी कामं आलीत."

सर्वांत जास्त ठिपके तपासणीवर पडले.

"दर्जा ही सगळ्यांचीच जबाबदारी आहे ना," लंबू खालमानेनं म्हणाला. "तपासणी आपण वाटून घेऊ शकतो." हे वाक्य सरांचंच होतं, दर महिन्याला ऐकवलेलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, तो असा.

ताईंचे तीन ठिपके त्यांच्या हातातच राहिले होते.

महिनाअखेरीला ताई टेबल आवरत होत्या. कप, पायाखालचं पाटासारखं स्टूल, वडिलांच्या औषधांच्या वेळा लिहिलेला कागद. सर जवळ जाऊन उभे राहिले.

"ताई, मला जरा..."

"साहेबांचा तक्ता सगळ्यांना उघडत होता, सर," कप कागदात गुंडाळत ताई म्हणाल्या. "बंद करायचा राहिला असेल त्यांच्याकडून. मी उघडून बघितला. सवय, दुसरं काय. आठ ओळी होत्या."

"कधी बघितलात?"

"बैठकीच्या आदल्या दिवशी."

"मग बोलला का नाहीत तिथे?"

"विचारलं ना मी." ताईंनी पहिल्यांदाच वर बघितलं. "तुम्हीच शिकवलंत, उत्तर माहीत असलं तरी आपण द्यायचं नाही. समोरच्याला वेळ द्यायचा. मीपण मोजत होते, सर. तुमच्याबरोबरच."

मग त्यांनी पर्स उघडली आणि लाल ठिपक्यांचा कागद सरांच्या हातावर ठेवला. "हे राहिले माझ्याकडे. मला जिथे लावायचे होते, तिथे चिठ्ठी नव्हती."

त्या स्टूल काखेत मारून लिफ्टकडे गेल्या. ते उचलू का म्हणून विचारायचंही सरांना सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सर सगळ्यांच्या आधी आले. इतके दिवस खिशात बाळगलेली ती चिठ्ठी काढली, घडी हातानं दाबून सरळ केली आणि रोजच्या कामांच्या फळ्यावर 'करायचं'च्या रकान्यात लावली. वर ताईंचे तिन्ही ठिपके लावले. आता त्याचा काडीचा उपयोग नव्हता, हे त्यांना कळत होतं.

बैठकीला सहा जण गोल करून उभे राहिले. ताईंच्या जागी फट राहिली नव्हती, माणसं आपसूक सरकली होती. सगळ्यांचं बोलून झालं. शेवटी क्षणभर सारे घुटमळले, कुणीतरी काहीतरी विचारायचं असावं तसे. कुणी विचारलं नाही.

"ही कुणाची?" लंबूनं फळ्यावर बोट ठेवलं.

"माझी," ते म्हणाले. या वेळी त्यांनी मोजलं नव्हतं.

"बैठका घेणं, ऐकणं," लंबूनं वाचलं. "हे तर आता आम्हीच करतो ना, सर?" त्याच्या आवाजात उद्धटपणा नव्हता, उलट थोडा अभिमान होता. त्यानं चिठ्ठी अलगद काढली आणि 'झालं'च्या रकान्यात लावली.

सगळ्यांनी मिळून एक टाळी वाजवली. सवयीनं त्यांनीही वाजवली.