डोक्यावरचा राखणदार

मी बर्नेट नावाच्या फुलझाडाचा जुना गड्डा आहे, मित्रांनो, आणि सध्या एका देवाखाली सापडलो आहे.

जन्म माझा थंड मुलखातला. कोकणात, आरे-वारेच्या वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, सुमेधावहिनींकडे आलो, तेव्हा तांबडी माती बघूनच माझं धाबं दणाणलं. पण वहिनींनी मला अंगणाच्या कडेला, पोफळीच्या सावलीत लावलं आणि मी रुजलो. पावसाळ्यात माझ्या बारीक दांड्यांवर कोकमाच्या रंगाची बोंडं डोलू लागली की वाटेने जाणारे थांबत. वहिनींचे सासरे अण्णा, निवृत्त मुख्याध्यापक, त्यांना समजावत, "खायचं नाही हो, नुसतं बघायचं." नुसतं बघायचं झाड कोकणात टिकलं, ही माझी थोरवीच म्हणायची.

माझी खोड एकच. फुलून झालं की मी वरून पार वाळतो आणि जमिनीखाली झोपतो. इथे नेमकं त्याच सुमारास अंगण खणून नव्याने चोपतात. गेल्या दिवाळीआधी कामाला आलेली मालन माझ्या डोक्यावर उभी होती.

"अण्णा, ह्यो खुंट काढू काय? मेलाय."

"काढ उद्या. सूनबाईंना सांगू, उन्हानं गेला."

मी तर मातीतच गारठलो. वहिनींनी मात्र ते ऐकलं. सासऱ्यांशी वाद घालण्यापेक्षा त्यांनी संध्याकाळी एक जांभा दगड आणला, त्याला कुंकू लावलं आणि माझ्यावर ठेवून दिला. सकाळी मालनची कुदळ वरच्या वर थांबली.

"अण्णा, हितं राखणदार हाय. काल नव्हता तो."

जन्मभर पोरांना विज्ञान शिकवलेले अण्णा म्हणाले, "काल आपल्याला दिसला नसेल. लांबून खण."

मी वाचलो. वहिनी लेकीच्या बाळंतपणाला गेल्या आणि इकडे दगडावर तेल चढलं, फुलं चढली, शिमग्याला नारळही फुटला. पुढे आंबा बरा आला, त्याचंही श्रेय दगडाला गेलं.

आता वैशाख सरत आलाय. वळवाची ओल खाली पोचली आणि माझे कोंब उठले. उठले ते थेट दगडाला टेकले. दोन वाकडे झालेत, एक काळा पडलाय.

वहिनी परवा परतल्या. आल्या आल्या म्हणाल्या, "अण्णा, तो दगड मी ठेवलाय. काढते."

"ठेवला तू असशील," अण्णा म्हणाले, "पण आता बसलाय तो."

वहिनी हसल्या आणि वाकल्या. त्यांची बोटं दगडाच्या कडेला लागली. दगड किंचित हलला, उजेडाची एक रेघ माझ्यापर्यंत आली. मी जीव मुठीत धरला. मग बोटं थबकली. रेघ मिटली. वर वहिनींच्या बांगड्या वाजल्या, हात जोडताना वाजतात तशा.

मित्रांनो, वाळलेलं झाड लगेच उपटू नका, खाली कोणी झोपलेलं असतं. आणि त्याला जपायला दगड ठेवलात, तर तो उचलण्याइतकं धाडसही जपून ठेवा. माझा अजून एक कोंब सरळ आहे.