दोन स्क्रूंवरचा दांडा

मी एक जुना स्टीलचा दांडा आहे. लांबीला दीड हात, आणि जाडीला एवढा की तुमच्या मुठीत नीट मावेन. म्हाताऱ्या माणसांना बाथरूममध्ये धरून उभं राहता यावं म्हणून मला बनवलं. सध्या मी बाल्कनीत, कुंड्यांच्या मागे, एका फुटक्या बादलीत पडून आहे. मित्रांनो, माझी गोष्ट ऐकून तुम्हाला बरं वाटणार नाही. तरी ऐका, कारण या घरातली माणसं ती कुणाला सांगायची नाहीत.

माझा जन्म कारखान्यात झाला. लांबलचक नळीचा तुकडा कापला, दोन्ही टोकांना वाकवला, टोकांवर गोल चकत्या जोडल्या आणि प्रत्येक चकतीला तीन तीन भोकं पाडली. म्हणजे एकूण सहा. मग असं काही पॉलिश केलं की मला माझाच गर्व वाटायला लागला. शेवटी भिंतीवर सहा स्क्रूंनी बसवून माझ्यावर शंभर किलोचं वजन टांगलं. मी तसूभरही लवलो नाही. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "हा कुणाला पडू देणार नाही." ते शब्द मी कितीतरी वर्षं जपले. आता ते आठवले की मान खाली जाते.

मी आलो ते तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या घरात. तिथे एक आजी आणि त्यांचा मुलगा राहायचे. आजींनी चाळीस वर्षं बायकांचे कपडे शिवले होते, म्हणून सगळी गल्ली त्यांना टेलरबाई म्हणायची. माप घ्यायला त्यांना टेप लागायचा नाही. दारातून आत येणाऱ्या बाईकडे एकदा बघायच्या आणि कंबर सांगायच्या, ती बरोबर निघायची, आणि ती बाई हिरमुसायची. आजींना मधुमेह होऊन वीस वर्षं झाली होती. एके दिवशी त्या बाथरूमच्या उंबऱ्याशी घसरल्या आणि मनगट मोडलं. प्लास्टर घालताना डॉक्टर मुलाला म्हणाले, "साखर जुनी आहे, वयही झालंय. हाडं आतून ठिसूळ झालीत. बाथरूममध्ये धरायला काहीतरी लावून घ्या. पुढच्या वेळी मनगटावर भागायचं नाही."

मुलगा त्याच संध्याकाळी मला घेऊन आला. आईवर त्याचा जीव होता. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्याला वाईट ठरवून मोकळे व्हाल.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. त्याने भिंतीवर बोटाने टकटक केली आणि तोंड वाकडं केलं.

"भिंत पोकळ आहे साहेब. त्यात सहा भोकं पाडायची म्हणजे टाइल तडकणार. तडकली तर मला बोलू नका."

टाइल्स नव्या होत्या. महिनाभर धूळ खाऊन, शेजाऱ्यांचं बाथरूम वापरून त्या बसवून घेतल्या होत्या. मुलाने जरा विचार केला. "मग दोनच मारा. एक इकडे, एक तिकडे. आणि थोडा वर घ्या, म्हणजे टॉवेलही टाकता येईल."

"टॉवेलपुरतं चालेल," मिस्त्री म्हणाला. "पण आजींनी धरला तर?"

"ती काय लोंबकळणार आहे का त्याला? आणि तिचं वजन ते किती!"

असा मी दोन स्क्रूंवर उभा राहिलो. उरलेले चार आजींनी बटणांच्या डब्यात टाकले. घरात येणारा जाणारा मला बघून म्हणायचा, वा, छान काम केलंत, आईची काळजी घेतलीत. मुलगा खूश व्हायचा. खरं सांगू का, मीही खूश व्हायचो. सहा भोकांपैकी चार रिकामी होती हे मला ठाऊक होतं, पण कौतुक कोणाला नको असतं? माझ्यावर टॉवेल आले, मुलाचे मोजे आले, आजींचे गाऊन आले. मी टॉवेलचा दांडा झालो आणि त्यातच रमलो.

माझ्या शेजारी बेसिन होतं, आणि बेसिनवरच्या फळीत साखर तपासायचं छोटं यंत्र. रोज सकाळी आजी हात धुऊन तिथे उभ्या राहायच्या, बोटाला सुई टोचायच्या, रक्ताचा थेंब पट्टीवर ठेवायच्या आणि आकडा बघायच्या. रोज संध्याकाळी त्यांच्या मुलीचा, ताईचा, दूरच्या शहरातून फोन यायचा. पहिला प्रश्न ठरलेला.

"आई, आज किती आला?"

ताईला हसू नका. तिच्या वडिलांना साखरेनेच नेलं होतं. आधी अंगठा, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंतचा पाय. ते सगळं ताईने डोळ्यांनी पाहिलं होतं. आकडा चांगला आला की तिचा आवाज फुलायचा, "शाबास गं माझी आई!" आकडा वाढला की ती रडवेल्या आवाजात म्हणायची, "तुला बाबांसारखं करायचंय का?" त्या रात्री आजींच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

मग आजींनी मार्ग काढला. रात्रीचं जेवण निम्मं केलं. मग त्याच्याही निम्मं. दुधातही साखर असते असं कुणीतरी सांगितलं, तर दूध बंद. मनगट मोडल्यापासून पडायची धास्ती बसली होती, म्हणून खाली फिरायला जाणं बंद, आणि फिरणं बंद म्हणून उन्हात बसणंही बंद. साखरेची गोळी मात्र अगदी वेळेवर, पूर्ण. आकडे सुरेख यायला लागले. डॉक्टरांनी हाडांसाठीही गोळ्या लिहून दिल्या होत्या. त्या तीन महिन्यांत संपल्या आणि पुन्हा आणायच्या राहून गेल्या. हाडांचा आकडा संध्याकाळी फोनवर कुणी विचारत नव्हतं ना.

पोटात पुरेसं नाही आणि गोळी पूर्ण, त्यामुळे साखर कधी कधी नको इतकी खाली जायची. सकाळी बेसिनपाशी आजींचे हात थरथरायचे, कपाळावर घाम यायचा. एकदा यंत्राने चौसष्ट दाखवले. संध्याकाळी फोनवर मी ऐकलं, आजी म्हणाल्या, "चौऱ्याण्णव." उभ्या आयुष्यात गिऱ्हाइकाच्या मापात कधी सुताचा फरक न केलेली बाई ती.

आता जे सांगतो ते फक्त मला माहीत होतं. आजींचे गाऊन माझ्यावर वाळत पडायचे, आतली बाजू बाहेर करून. दर दोन-तीन महिन्यांनी शिवण आत सरकलेली असायची. आधीची शिवण उसवलेली, तिच्या सुईची भोकं तशीच, आणि बोटभर आत नवी टीप. मग आणखी बोटभर आत. एवढंच नाही, खालची दुमडही वाढत होती. पूर्वी गाऊन माझ्यावरून लोंबला की त्याचं टोक बादलीच्या कडेला लागायचं, आता ते चार बोटं वरच राहायचं. आजी नुसत्या बारीक होत नव्हत्या, त्या बुटक्याही होत होत्या. पाठीचे मणके आतल्या आत दबत होते. स्वतःचंच माप कसं घटतंय हे त्यांच्यासारख्या बाईला कळलं नसेल? कळलं होतं. पण गाऊन ढगळ दिसला असता तर घरात घबराट झाली असती. म्हणून त्या दुपारी मशीनवर बसायच्या आणि स्वतःचं आटणं शिवून टाकायच्या.

मुलगा कौतुकाने म्हणायचा, "आईचे कपडे बघा, या वयातही कसे अंगाबरोबर बसतात!"

मला ओरडावंसं वाटायचं. पण दांड्याला तोंड नसतं.

पुढे पुढे आजी स्टुलावरून उठताना मला धरायला लागल्या. आधी नुसती बोटं टेकवायच्या, मग पंजा, मग दोन्ही हात. मी उंचावर होतो, त्यामुळे त्यांना हात खांद्याच्या वर न्यावे लागायचे. एका बाजूचा स्क्रू हलायला लागला. चकतीच्या मागून पांढरी भुकटी गळायची. आजी ती फडक्याने पुसायच्या आणि मला म्हणायच्या, "काय रे, तूही पोकळ निघालास?"

त्यांनी मुलाला सांगितलं, "अरे, तो दांडा हलतोय."

"रविवारी बघतो."

तो रविवार आला नाही. म्हणजे रविवार पुष्कळ आले, पण कधी कामावर बोलावणं आलं, कधी मिस्त्री सापडला नाही, कधी विसरायला झालं. शेवटी मुलाने एक उपाय केला. त्याने माझ्यावर ओले टॉवेल टाकणं बंद केलं. म्हणाला, "वजनाने पडेल उगाच." टॉवेलचं वजन त्याला दिसलं. आईचं त्याने धरलंच नव्हतं.

मग तो दिवस आला. आदल्या दिवशी आकडा वाढला होता आणि ताई फोनवर रडली होती, म्हणून रात्री आजींनी गोळी घेतली आणि पावाचा अर्धा तुकडा खाऊन झोपल्या. सकाळी यंत्राने अठ्ठावन्न दाखवले. साखर तोंडात टाकायला स्वयंपाकघर दहा पावलांवर होतं. पण चांगला आकडा बिघडवायचा तरी कसा? त्या तशाच आंघोळीला बसल्या. आंघोळ झाली, उठायला गेल्या, आणि त्यांचे डोळे पांढरे झाले. दोन्ही हातांनी त्यांनी मला गच्च पकडलं.

मित्रांनो, माझ्या सगळ्या आयुष्यात खरं काम असं एकदाच आलं. मी जोर लावला. मी वाकलो नाही, मोडलो नाही, माझ्यावर ओरखडासुद्धा आला नाही. भिंतच मला सोडून निघाली. एक स्क्रू सुटला, मग दुसरा, आणि आम्ही दोघं मिळून खाली आलो.

आवाज ऐकून मुलगा धावत आला. आजींचा पाय भलतीकडेच वळला होता. मी अजून त्यांच्या हातात होतो. मुठी इतक्या घट्ट होत्या की मुलाला त्यांचं एक एक बोट सोडवावं लागलं. सोडवताना तो लहान मुलासारखा हुंदके देत होता. आजी पुटपुटल्या, "ताईला सांग, आकडा चांगला होता."

मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं होतं. ऑपरेशन झालं. चार दिवसांनी मुलगा बेसिनपाशी उभा राहून ताईला फोनवर सांगत होता, ते मी कोपऱ्यात पडल्या पडल्या ऐकलं. "अगं, सळई घातली आत. पण स्क्रू धरत नाहीयेत. डॉक्टर म्हणाले, स्क्रू उत्तम आहे हो, पण त्याने धरायला आत काहीतरी पाहिजे ना." त्याची नजर भिंतीवरच्या दोन भोकांकडे गेली. मग त्याने फोन बाजूला ठेवला आणि नळ सोडून तोंडावर पाणी मारत राहिला. बराच वेळ.

ताई आली ती सुट्टी काढून. आजी घरी आल्या होत्या, पण पलंगावर, आणि बाथरूमच्या उघड्या दारातून तो पलंग मला दिसायचा. जखम भरत नव्हती, साखर कधी वर कधी खाली. ताईने आईचे गाऊन धुवायला घेतले आणि पहिला गाऊन उलटा करताच ती थबकली. तिने बोटाने एक एक शिवण चाचपली. एका गाऊनला सुईच्या जुन्या भोकांच्या चार रांगा होत्या. खालची दुमड उलगडली तर चार बोटं कापड आत. तो गाऊन तसाच ओला घेऊन ती आईच्या पलंगाशी गेली.

"आई, हे केव्हापासून?"

"अगं, सैल होत होता."

"आणि मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे? तू आकडा विचारलास, मी आकडा सांगितला." आजींच्या आवाजात राग नव्हता. "एरवी बरं चाललं होतं गं."

ताईने तो गाऊन तोंडावर धरला आणि ती तिथेच खाली बसली. तिला कोणी उठवलं नाही.

या गोष्टीला सहा महिने झाले. डॉक्टरांनी आता स्पष्टच सांगितलंय, उभं राहण्याची आशा सोडा. बाथरूममध्ये नवा दांडा बसलाय. टाइल फोडून आत सिमेंट भरलं, कमरेच्या उंचीवर घेतला, सहाच्या सहा स्क्रू. त्यावर कुणी टॉवेल टाकत नाही. कुणी हातही लावत नाही, कारण ज्यांच्यासाठी तो बसवला त्या बाथरूमपर्यंत जातच नाहीत. ताई आता इथेच राहते. ती आईला ओल्या फडक्याने पुसून काढते, चमच्याने भरवते, पण आजी दोन घासांत तोंड फिरवतात. आता कुणी कितीही विनवलं तरी भूकच उरलेली नाही. गाऊन पुन्हा ढगळ झालेत आणि ते आत घ्यायला कुणी मशीनवर बसत नाही.

मित्रांनो, मी काय मागणार? माझ्यासाठी काही नको. पण तुमच्या घरी आजी-आजोबा असतील आणि त्यांना साखरेचा त्रास असेल, तर आकडा विचाराच, पण त्याबरोबर जेवलात का ते विचारा. उन्हात गेलात का, हात थरथरतो का, कपडा सैल झालाय का, तेही बघा. हाडांच्या गोळ्या संपल्या असतील तर आजच आणायला सांगा. आणि त्यांच्यासाठी भिंतीवर एखादा दांडा बसवला असेल, तर उद्या सकाळी घरातल्या धट्ट्याकट्ट्या माणसाला तो धरून सगळं वजन टाकायला लावा, अगदी लोंबकळायला लावा. तो निखळून हातात आला, तर वाईट वाटून घेऊ नका. त्याच्या हातात आला, आजीच्या हातात नाही.