डाव्या सीटवरचा नकार

"या गाडीला दोन ड्रायव्हर लागतात, सूनबाई. एक स्टिअरिंगवाला, आणि दुसरा डावीकडे बसून तोंडाने चालवणारा," असं शेजारचे शार्शेनआजोबा म्हणाले, तेव्हा सेझिम हसली होती. जन्मभर बस चालवलेला म्हातारा. जपानी गाडीत खोट काढल्याशिवाय त्याचा चहा गोड लागायचा नाही, असं तिला वाटलं.

तिच्या नवऱ्याने, उर्मतने, ती चंदेरी गाडी नुकतीच बाजारातून आणली होती. स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून स्वस्त. त्यांच्या कोच्कोर गावात निम्म्या गाड्या तशाच. रस्त्याच्या उजव्या बाजूने चालायचं आणि ड्रायव्हरही उजवीकडे, म्हणजे पार कडेला. पुढे ट्रक आला की त्याला दिसतं ते ट्रकचं मागचं फळकूट. समोरून काय येतंय ते डावीकडे बसलेल्यालाच दिसतं. तो 'मोकळा आहे' म्हणतो, मग ड्रायव्हर गाडी बाहेर काढतो.

ऑक्टोबरात नारीनच्या वाटेवरच्या दोलोन घाटात उर्मतने विचारलं, "मोकळा?" सेझिम मांडीवरच्या लेकीच्या, बेर्मेतच्या टोपीची नाडी बांधत होती. एक नजर टाकून ती "हो" म्हणाली. मधली पांढरी रेघ अखंड होती, म्हणजे ओलांडायला मनाई, आणि वळण समोरच होतं. वळणातून आलेली गाडी त्यांचा डावा आरसा घेऊन गेली. फक्त आरसा. अखंड रेघेवर गाडी काढली ती उर्मतने, पण शब्द तिचा होता. त्या एका शब्दाने सेझिमची कितीतरी महिने झोप उडवली. गणिताची पदवी घेतलेली बाई. पाळणा हलवता हलवता तिने हिशेब केला. चढावरचा ट्रक ओलांडायला नऊ सेकंद लागतात. वळणाअलीकडचा रस्ता चार सेकंदांपुरताच दिसतो. उरलेले पाच सेकंद कुणाच्याच हातात नसतात.

आता एप्रिल होता. उर्मत रशियात बांधकामावर, गाडी थोरल्या दिरांकडे. आणि आदल्या रात्री नारीनहून सासूबाईंचा फोन आला: मामा गेले.

थोरल्या दिरांना, एसेनकुलना, या मामांनी लहानाचं मोठं केलं होतं. दुपारच्या नमाजानंतर उचलणार होते. पण सकाळी मेंढी विताना अडली आणि निघायलाच साडेअकरा झाले.

"तू पुढे बस," एसेनकुल सेझिमला म्हणाले. "मला डोळे हवेत."

"माझे तर घाटात मिटलेलेच असतात," थोरली जाऊ तुर्सुनाय मागे बसत म्हणाली आणि तिने बेर्मेतला मांडीवर ओढून घेतलं.

घाट लागला तसे ट्रक लागले. सीमेकडे जाणारे, एकामागे एक चार, बैलाच्या चालीने. कडेला अजून बर्फ, मध्ये ओला काळा रस्ता आणि त्यावर अखंड पांढरी रेघ.

"बघ. मोकळा?"

"नाही, बाइके." थोरल्या दिराचं नाव सुनेने, केलिनने, घ्यायचं नसतं; ती त्यांना बाइकेच म्हणायची, तेही मान खाली घालून. आज तिची मान वर होती.

"काही येतंय?"

"वळण येतंय."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. थोड्या वेळाने पुन्हा, "आता?"

"नाही."

वळण संपलं. पलीकडचा रस्ता दूरवर रिकामा पडला होता. तेवढ्यात रेघ तुटक झाली.

"आता," सेझिम स्वतःहून म्हणाली. "मोकळा आहे, काढा." एक ट्रक मागे पडला, दुसरा पडला, आणि पुढच्या वळणाआधी रेघ पुन्हा जुळली.

"थांबा. आत घ्या."

"अजून दोनच राहिलेत, केलिन."

"रेघ बघा, बाइके."

"रंगाचा ब्रश घेऊन आलेल्या माणसाला माझा मामा माहीत होता का?"

मागून तुर्सुनाय म्हणाली, "शिकलेली सून आणली, आता घाटात शाळा भरली."

पुढच्या ट्रकने उजवा इंडिकेटर दोनदा लावला. इथे सगळे ट्रकवाले तसं करतात: या, रस्ता मोकळा आहे.

"तो बोलावतोय बघ. त्याला तर दिसतंय ना पुढचं?"

"त्याला मागचं दिसत नाही. मागे बेर्मेत आहे."

एसेनकुलनी तिच्याकडे पाहिलं नाही. गाडी डावीकडे सरकवली, चाक रेघेवर गेलं. तरी त्यांच्या खुर्चीतून ट्रकशिवाय काही दिसेना. आणखी सरकायचं तर आंधळ्यासारखं.

"सेझिम. मी विचारतोय. मोकळा आहे का?"

त्या घरात चहा किती ओतायचा हेही तिला कधी ठरवता आलं नव्हतं. आणि हा थोरला माणूस तिच्या एका शब्दासाठी अडला होता.

"अखंड रेघेवर मी बघणारच नाही," ती म्हणाली. "रेघ तुटली की न विचारता सांगेन. तोवर नाही."

चाक परत आत आलं. समोरून काहीच आलं नाही. त्या वळणातून नाही, पुढच्यातूनही नाही. सगळा घाट उतरेपर्यंत रेघ कुठे तुटली नाही, पलीकडचा रस्ता रिकामा राहिला, आणि प्रत्येक रिकामं वळण जणू तिच्याकडेच बोट दाखवत होतं. सासूबाईंचा फोन वाजला. "कुठपर्यंत आलात? लोक उभे आहेत रे." एसेनकुल म्हणाले, "ट्रक आहेत, आई," आणि फोन ठेवला. बेर्मेत झोपून गेली होती.

ते नारीनला पोचले तेव्हा माणसं टेकडीवरच्या कबरस्तानातून परतत होती. एसेनकुल एकटे टेकडीवर गेले. उतरले तेव्हा गुडघ्यांना ओली माती लागलेली होती.

संध्याकाळी अंगणात, सेझिम कढई घासत असताना, ते शेजारी येऊन उभे राहिले.

"दोन ट्रक, केलिन. दोन ट्रकांपायी मी मामाला माती दिली नाही."

"हो, बाइके."

"रस्ता रिकामा होता."

"हो. पण तो मला दिसत नव्हता."

ती आणखी काही बोलेल म्हणून ते थांबले. ती कढई घासत राहिली. क्षमा मागितली असती तर परतीच्या वाटेवर तिच्या नकाराला किंमत उरली नसती.

"तुम्ही बायका सात दिवस इथेच राहा," ते म्हणाले. "मी उद्या सकाळी निघतो, मेंढ्या खोळंबल्यात. स्टँडवर मिळेल कुणीतरी डावीकडे बसायला. ज्याला हो म्हणता येतं असा."

सेझिमने हात पुसले. नारीन-कोच्कोर रस्त्याचा फोनवर एक ग्रुप होता. लोक त्यावर बर्फाची, पोलिसांची, रिकाम्या सीटची खबर टाकत. दिराबद्दल चारचौघांत लिहिणारी सून तिथे आजवर कुणी पाहिली नव्हती. तिने लिहायला घेतलं.

'उद्या सकाळी स्टँडवरून चंदेरी गाडी निघेल, उजव्या स्टिअरिंगची, नंबर ४१७. तिच्यात डावीकडे जो बसेल त्याच्यासाठी हे आहे. चालवणारे माझे थोरले दीर आहेत. त्यांचे मामा गेलेत, काल रात्रीपासून झोप नाही, आणि हे ते सांगणार नाहीत. ते विचारतील, मोकळा आहे का. रेघ अखंड असेल तर नाही म्हणा. ते चिडतील, चिडू द्या. घाटमाथ्यावर गाडी थांबवायला लावा, चहा घ्यायला लावा, त्यांच्या डोळ्यांकडे नीट बघा. तुम्ही जाणार नसाल तर जाणाऱ्याला हे वाचून दाखवा. आणि ते कोच्कोरला पोचले की मला कळवा, कितीही उशीर झाला तरी.'