मानाचं जाकीट

सांगलीच्या हळद पेठेतल्या आप्पासोंनी मुलगी दाखवायची ती नावेतून, असं जाहीर केलं तेव्हा भावकीनं तोंडात बोटं घातली. पण जर्मनची लढाई संपली होती, जग पुढं गेलं होतं, आणि आप्पासोंना मागं राहणं मंजूर नव्हतं. कृष्णेतून हरिपूरला जायचं, संगम बघायचा, परत येऊन पुरणपोळी. होणारे व्याही, वाईचे तात्या, पाण्याला भितात असं कळलं, म्हणून आप्पासोंनी मिलिटरीचा जुना माल विकणाऱ्या नियाजकडून बुचाची तरंगती जाकिटं आणली. माप मात्र एकाचं दुसऱ्याला नाही.

आप्पासोंच्या लेकीनं, शकुंतलेनं, ती घरातच अंगात घालून पाहिली. पोरगी कृष्णेत पोहून वाढलेली. तात्यांच्या शरच्चंद्राचा फोटो तिनं चोरून पाहिला होता आणि मुलगा मनात भरलाही होता. तिला विचारल्याशिवाय सुपारी फोडणार नाही, असं आप्पासोंनी कबूल केलं होतं. तेव्हा सगळं नीट पार पडावं, ही काळजी तिलाच जास्त.

"आप्पा, तात्या लय वाळकं हायत. त्यास्नी ल्हान द्या. मोठं तुमच्या पोटाला बसंल," ती म्हणाली.

आप्पासो हबकले. व्याह्याला लहान आणि आपल्याला मोठं? पाट बुटका मिळाला म्हणून तात्या एका लग्नात भरल्या ताटावरून उठून गेले होते. मोठं जाकीट तात्यांनाच, त्याखालचं जावयाला, मग लेकीला आणि उरलंसुरलं यजमानाला, असा निवाडा झाला.

नावेत तात्या जाकिटात बसले ते पिंपातल्या उंदरासारखे. आप्पासोंचं जाकीट पोटावर येईना, म्हणून ते गळ्यात अडकवून त्यांनी हसू टिकवलं. तात्या खूश होते. मुलगा मला विचारल्याशिवाय पाण्याचा घोटसुद्धा घेत नाही, हे त्यांनी घाटावर सांगायला घेतलं ते संगम आला तरी चालूच. वाईला पोहण्याच्या पैजा जिंकणारा शरच्चंद्र खाली मान घालून ऐकत होता. शकुंतलेला तो लाजाळू वाटला, बरा वाटला.

नदीला नारळ सोडायचा मानही तात्यांचाच. ते उभे राहिले, वाकले आणि नारळाबरोबर स्वतःही गेले. जाकीट तरंगलं, त्याला नाव ठेवायला जागा नाही. तात्या तेवढे त्यातून खाली घसरले.

शरच्चंद्र ताडकन उठला, जाकिटाच्या नाड्या सोडता सोडता वाकून ओरडला, "तात्या, उडी मारू का?"

तात्यांचं तोंड पाण्याखाली होतं. मुलानं पुन्हा विचारलं. तोवर शकुंतला नदीत होती. तिनं तात्यांना बखोटीला धरून काठाला ओढलं.

वाळूत पाणी ओकून झाल्यावर तात्यांनी खवळून विचारलं, हे असलं जाकीट मला कुणी दिलं? सोयरीक मोडली, असं धरूनच आप्पासोंनी हात जोडले आणि सांगितलं, सगळ्यांत मोठं होतं म्हणून तुम्हाला. तात्यांचा चेहरा खुलला. एवढा मान त्यांचा कुणीच केला नव्हता. स्थळ पसंत, म्हणाले, आजच सुपारी फोडू. शरच्चंद्रानं वडिलांकडं बघून मान डोलावली.

आप्पासो हरखून लेकीकडं वळले. तिला रडू येत होतं. मुलगा खरंच देखणा होता.

तिनं पदर पिळला आणि ती म्हणाली, "आप्पा, उद्या मी बुडाया लागले, तर ह्यो पयलं वाईला जाऊन इचारून येईल. मला न्हाई पसंत."