विधवेचं भाषण

चारशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रजी नाटकाच्या सात छापील प्रती तिने नऊ वर्षं अक्षर न् अक्षर ताडून पाहिल्या. त्यातल्या विधवेचं शेवटचं भाषण फक्त सातव्या प्रतीत अख्खं आहे, हे तिने शोधून काढलं. परिसंवादात तिच्या मार्गदर्शकांनी तेच स्वतःचं संशोधन म्हणून वाचलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उठली.

"सर, सातवी प्रत तुम्ही कुठे पाहिलीत?"

सर हसले. "बस गं. तू मला मुलीसारखी आहेस."

"मुलीच्या घरावर दरोडा घालतात का?"

सर कागद चाळू लागले. तिने माइक ओढून घेतला आणि ते भाषण शेवटच्या ओळीपर्यंत तोंडपाठ म्हटलं. टाळ्या वाजल्या. तिचा राग मात्र तसूभरही उतरला नाही.