चौऱ्याऐंशी किलोचा माणूस

गब्बूच्या बाबांना सगळी गल्ली काटेवाले म्हणायची. घराच्या खालीच त्यांचं वजनकाटे दुरुस्त करायचं दुकान होतं. दुकानदारांचे काटे, गोदामांचे काटे, टपालाचे काटे, सगळे तिथे पोट उघडं टाकून पडलेले असायचे. व्यापाराचा काटा बाबा शिक्क्याच्या लोखंडी वजनांनी तपासायचे आणि त्यात केसभरही फरक चालवून घ्यायचे नाहीत. पण माणसांचे काटे, म्हणजे घरातले, व्यायामशाळेतले, दवाखान्यातले, आले की त्यांची तऱ्हा वेगळी होती. चपला काढायच्या, काट्यावर स्वतः उभं राहायचं, आणि सुई चौऱ्याऐंशीवर येईपर्यंत उतरून स्क्रू फिरवायचा, परत चढायचं.

"माणसाच्या काट्याला माणूसच लागतो," असं ते गिऱ्हाइकाला ठणकावून सांगायचे. "ती लोखंडं कोण घरोघर वाहून नेणार? मी आहे की चालतं-बोलतं वजन."

यात थापा काही नव्हत्या. बाबा उंचेपुरे गडी. लग्नात चौऱ्याऐंशी, मुलगी झाली तेव्हा चौऱ्याऐंशी, मुलगी कॉलेजात गेली तरी चौऱ्याऐंशी. सुरुवातीला त्यांनी लोखंडी वजनांशी ताडून पाहिलं होतं, मग ताडणंही सोडून दिलं. बाकीचे लोक आपलं वजन बघायला काट्यावर चढतात. बाबा चढायचे ते काट्याची परीक्षा घ्यायला, आणि अनेक वर्षं त्यांना या कौशल्याचा भारी अभिमान होता.

गब्बू ही त्यांची एकुलती एक मुलगी. लहानपणी गुबगुबीत होती म्हणून पडलेलं नाव मोठेपणीही चिकटून राहिलं. आता ती गुबगुबीत नव्हती, दणकट होती. खांदे रुंद, मांड्या घट्ट, आणि डोक्यात एकच खूळ: अग्निशमन दलात जायचं. वयात बसतील अशा दोनच भरत्या उरल्या होत्या, सहा महिन्यांच्या अंतराने.

भरतीत दोन अडथळे होते. पहिला, बीएमआय. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने एकदा भागायचं, आलेल्या आकड्याला परत उंचीनेच भागायचं, आणि उत्तर पंचवीसच्या वर गेलं तर दारातूनच घरी. हा हिशेब ज्याने कुणी काढला त्याने माझ्या मांड्या बघितल्या नव्हत्या, असं गब्बू चिडून म्हणायची. चरबी कुठली आणि स्नायू कुठला हे भागाकाराला कुठून कळणार? पण नियम तो नियम. तिच्या उंचीला पासष्ट किलोच्या वर जाऊन चालणार नव्हतं आणि तिचं वजन होतं सहासष्ट. दुसरा अडथळा म्हणजे ऐंशी किलोचा पुतळा. तो खांद्यावर टाकून सरावाच्या मनोऱ्याचा जिना चढायचा, न टेकवता.

पुतळ्याची तिला धास्ती नव्हती, कारण घरातच त्याहून जड माणूस होता. रोज संध्याकाळी दुकान बंद झालं की ती बाबांना खांद्यावर घेऊन दुसऱ्या मजल्यावरच्या घरात नेऊन टाकायची. शेजारी दारात येऊन हसायचे. बाबा वरून हुकूम सोडायचे, "सावकाश, डावीकडे खांब आहे," आणि आई शिलाई मशीनवरून ओरडायची, "बापाचं डोकं फोडशील, गब्बू!" आईचा कपडे शिवायचा आणि उसवून परत शिवायचा धंदा होता, नि तिचा टेपवर जेवढा विश्वास तेवढा काट्यावर नव्हता.

पहिल्या महिन्यात गब्बूला धाप लागायची. मग लागेनाशी झाली. पुढे पुढे तर बाबा तिला पिसासारखे वाटायला लागले. अंगात ताकद भरतेय या आनंदात ती जिना चढायची.

गाडं अडलं होतं ते काट्यापाशी. घरचा काटा बाबा दर महिन्याला स्वतः लावून द्यायचे. लेकीच्या आयुष्याचा प्रश्न, उगाच चूक नको. आणि दर महिन्याला गब्बू वाढत होती. सहासष्टचे अडुसष्ट झाले, मग सत्तर. तिने गोड सोडलं, रात्रीचं जेवण सोडलं, सकाळी धावून आल्यावर नुसतं पाणी पिऊन बसायला लागली. काटा ढिम्म हलेना. आरशासमोर उभी राहून तिने स्वतःला नको नको ते ऐकवलं. एकदा तर आईने वाढलेलं ताट तिने रडत परत सारलं.

"हे काय गौडबंगाल आहे मला कळत नाही," आई म्हणाली. "काट्यावर वाढतेस आणि तुझी पँट मी दोनदा आत घेतली. तुझ्या बाबांच्याही दोन पँटी आत घेतल्या. अहो, तुम्ही वाळत चाललाय."

"वाळतोय?" बाबांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. हल्ली तो त्यांच्या हाताला चिकटल्यासारखाच झाला होता. "काट्याला विचार. चौऱ्याऐंशी. वयानं मांस इकडचं तिकडे सरकतं, एवढंच."

आईने तरी त्यांना दवाखान्यात पाठवलं. नर्सबाईंनी काट्यावर उभं केलं, उंची घेतली, भिंतीवरच्या रंगीत कोष्टकावर बोट फिरवलं. हिरव्या पट्टीच्या जरासं पुढे, पिवळीच्या तोंडाशी. मागच्या वर्षी होते तिथेच. "काटेवाले, तुम्ही म्हणजे दगड आहात," त्या म्हणाल्या. बाबा खूश होऊन, डॉक्टरांना न भेटताच परत आले. तो काटा त्यांनीच आदल्या आठवड्यात लावून दिला होता, हे कुणाच्या डोक्यात येणार?

व्यायामशाळेचा मालकही याच सुमारास रडत आला होता. जो तो घाम गाळतोय आणि जो तो जाड होतोय, म्हणून गिऱ्हाइकं सोडून चालली होती. बाबा गेले, चपला काढल्या, काट्यावर चढले, स्क्रूला एक हलका पीळ दिला. "काटा बरोबर आहे," ते म्हणाले. "तुझी माणसं घरी चोरून खातात."

भरतीच्या सकाळी घरच्या काट्याने गब्बूला एकोणसत्तर दाखवले. ती दारातच बसून राहिली. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "जा तर खरी. हाकलतील तर हाकलतील, पण घरी बसून कुणाला घेतल्याचं मी ऐकलेलं नाही."

मैदानावर नवं कोरं इलेक्ट्रॉनिक यंत्र होतं. गब्बू डोळे मिटून चढली. उघडले तेव्हा समोर एकसष्टचा आकडा होता.

"मॅडम, तुमचं मशीन बिघडलंय," ती म्हणाली.

परीक्षक बाई चांगल्या आडव्या बांध्याच्या होत्या. त्या खळखळून हसल्या. "कमी भरले म्हणून भांडणारी तू पहिलीच. तेवीसच्या आसपास आहेस. चल, पुढे हो."

गब्बूला आभाळ ठेंगणं झालं. आता उरला होता फक्त पुतळा, आणि तो तर डाव्या हातचा मळ. ती खाली वाकली, पुतळा खांद्यावर घेतला, उठली, आणि तिचे गुडघे थरथरले. हा बाबांपेक्षा चार किलोने हलका असायला हवा होता. पहिल्या वळणापर्यंत ती दात खाऊन चढली. तिथे डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि पुतळा धप्पकन पायरीवर टेकला.

"मॅडम," तिने धापा टाकत विचारलं, "हा नक्की ऐंशीचाच आहे?"

"आज सकाळीच तोललाय. त्याच यंत्रावर."

गब्बू पायरीवर बसली. कालच तर तिने चौऱ्याऐंशी किलोचा माणूस गुणगुणत दुसऱ्या मजल्यावर नेला होता. काल काही ती आजच्यापेक्षा ताकदवान नव्हती. मग आत घेतलेल्या पँटी तिला आठवल्या, हातातला पाण्याचा तांब्या आठवला, दुपारी काउंटरवर डोकं टेकून झोपलेले बाबा आठवले. यंत्र बरोबर होतं आणि पुतळाही बरोबर होता. चूक बाबांच्या चौऱ्याऐंशीत होती. भरती हुकल्याचं दुःख करायलासुद्धा तिला सवड मिळाली नाही.

ती निघाली तेव्हा परीक्षक बाईंनी हाक मारली. "कोष्टकात बसलीस, पण उपाशी राहून बसलीस, तोंडावर दिसतंय. त्याने फक्त दार उघडतं, मुली. जिना चढायला अंगात काहीतरी हवं. पुढच्या वेळेला जेवून ये."

घरी पोचल्यावर ती तडक दुकानात शिरली. तिथून वीस किलोची चार लोखंडी वजनं तिने एकेक करून वर आणली आणि घरच्या काट्यावर रचली. सुई गेली ती थेट एक्याण्णववर.

"काटा बिघडलाय," बाबा म्हणाले आणि सवयीने स्क्रूकडे हात नेला. हात अर्ध्यातच थांबला. शिक्क्याच्या वजनावर शंका घेणं त्यांना जन्मात जमलं नसतं. दुसरं शंका घेण्यासारखं त्या खोलीत एकच होतं, आणि ते ते स्वतः होते.

त्यांनी लोखंडाच्या मापाने काटा लावला. वजनं उतरवली. चपला काढल्या. "मग मी किती?" ते म्हणाले. हा प्रश्न त्यांनी किती वर्षांनी विचारला होता कोण जाणे.

चौऱ्याहत्तर.

आई मशीनवरून उठली. बाबा काट्यावरच उभे होते. "सगळ्या गल्लीला मी खोटं तोललं," ते पुटपुटले. "माझ्या लेकीला उपाशी ठेवलं मी. माझ्या लेकीला."

"गल्ली गेली खड्ड्यात," आई म्हणाली. "आधी दवाखाना."

या वेळी डॉक्टरांची गाठ घेतल्याशिवाय आई हलली नाही. रक्त तपासलं तर साखर भलतीच चढलेली. दहा किलो तिनेच खाल्ले होते. "गंमत बघा," डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "कोष्टकाप्रमाणे तुम्ही आज अगदी हिरव्या पट्टीत आहात. आणि आत्ताच तुम्ही सगळ्यांत जास्त आजारी आहात."

"मग ते कोष्टक फाडून का टाकत नाही?" गब्बूने रागानेच विचारलं.

"पुष्कळ माणसांचा अंदाज घ्यायला बरं पडतं. एकट्या माणसाला मात्र विचारावं लागतं, वजन कुठून कुठे चाललंय आणि का. कंबर बघावी लागते, रक्त बघावं लागतं, जिना चढताना दम लागतो का ते बघावं लागतं." त्या बाबांकडे वळल्या. "वेळेत आलात. औषध घ्या, वेळेवर जेवा, रोज चाला. गेलेलं बरंचसं परत येईल. पण चौऱ्याऐंशीचाच हट्ट धरू नका."

"वेळेत आणलं," आईने दुरुस्ती केली आणि लेकीकडे पाहिलं.

जरा बरं वाटल्यावर बाबांनी पहिलं काम काय केलं असेल, तर लोखंडी वजनं हातगाडीवर घालून दारोदार फिरले. प्रत्येक घरात उभं राहून, कान पकडून, चूक सांगितली आणि काटा नव्याने लावून दिला. शिव्या खायची त्यांनी तयारी ठेवली होती. झालं भलतंच. लोक काट्यावर चढले आणि आनंदाने ओरडलेच. एका आजींनी तर तीनदा चढून पाहिलं. व्यायामशाळेच्या मालकाने बाबांना मिठी मारली. त्याच्याकडची सगळी गिऱ्हाइकं एका दुपारीत बारीक झाली होती. नर्सबाईंनी मात्र सहा महिन्यांचे सगळे पेशंट परत बोलावून तोलले आणि बाबांशी आठवडाभर अबोला धरला.

गब्बू पोटभर जेवायला लागली. संध्याकाळचा जिना काही दिवस बंद होता, डॉक्टरीण बाईंनी हो म्हटल्यावर परत सुरू झाला. आईने बाबांच्या पँटीची शिवण एकदा उसवली, मग आणखी एकदा उसवली, आणि दर वेळी कुणाला न दाखवता डोळे पुसले.

दुसऱ्या भरतीला गब्बूच्या आईने तिला ताट संपल्याशिवाय दाराबाहेर पडू दिलं नाही. यंत्राने चौसष्टच्या वर आकडा दाखवला. परीक्षक बाईंनी भागाकार केला, पंचवीसच्या आत आहे ना एवढं पाहिलं आणि मान हलवली. "आज जेवून आलेली दिसतेस."

गब्बूने वाकून पुतळा खांद्यावर घेतला. उठली. पहिलं वळण गेलं. जिथे ती मागच्या वेळी कोसळली होती त्या पायरीवर पाय ठेवताना तिच्या मनात आलं, कालचं ओझं याहून जड होतं. काल संध्याकाळी तिसऱ्या वळणावर तिला धाप लागली होती, खांदा भरून आला होता, आणि बाबा वरून म्हणाले होते, "खाली ठेव गं, दमलीस." हा पुतळा तर बाबांपेक्षा हलका होता. चांगला हलका होता.

तिला हसूच आलं. हसत हसत, डोळ्यांतून पाणी वाहत असताना, ती न टेकवता मनोऱ्याच्या टोकापर्यंत चढून गेली.

परीक्षक बाईंनी घड्याळ पाहिलं, नावापुढे खूण केली आणि मग तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "पास झालीस. पण वर येताना हसत कशाला होतीस?"

"माझे बाबा," गब्बू पुतळा अलगद खाली ठेवत म्हणाली, "फार जड झालेत, मॅडम."